एक स्क्रीन आली की एक वही बंद : छोट्या रुग्णालयाचा वॉर्ड डिजिटल करताना

रुग्णालयात कॉम्प्युटर आले म्हणून सिस्टरचे काम कमी होतेच असे नाही. पुष्कळदा ते वाढते. टीपीआर (ताप-नाडी-श्वासाचा तक्ता) कागदावर भरायचा आणि तोच टॅबवर. इंडेंट (वॉर्डाची फार्मसीकडे औषधांची मागणी) वहीत लिहायचा आणि तोच सॉफ्टवेअरमध्ये. सहा महिन्यांनी मालक डॉक्टर म्हणतात, एवढा खर्च केला तरी स्टाफ वापरत नाही. स्टाफ वापरतो आहे, पण दोन्ही वापरतो आहे. नवे आले आणि जुने गेले नाही, इथेच बहुतेक प्रकल्प बसतात.

म्हणून हा लेख वाचताना एक नियम हाताशी ठेवा. प्रत्येक नव्या स्क्रीनसाठी कोणती वही बंद होणार, हे आधी लिहून काढायचे. वहीचे नाव सांगता येत नसेल तर ती वस्तू अजून घ्यायची नाही. लेख २५ ते ६० खाटांच्या रुग्णालयात हे काम नव्याने अंगावर आलेल्यांसाठी आहे, मग ते ॲडमिन असोत, इनचार्ज सिस्टर असोत किंवा आरएमओ (निवासी डॉक्टर).

पहिला आठवडा: काही विकत घेऊ नका, मोजा

तीनच गोष्टी मोजायच्या.

एक, पेशंटचे नाव किती वेळा हाताने लिहिले जाते. तीन दिवस राहून गेलेल्या एखाद्या पेशंटचे सगळे कागद टेबलावर मांडा: केस पेपर, संमतीपत्र, टीपीआर चार्ट, औषधांचा चार्ट, इंडेंट वही, लॅबचा फॉर्म, ट्यूबवरचे लेबल, एक्स-रेची चिठ्ठी, हँडओव्हर रजिस्टर, डाएटची यादी, औषध परताव्याची स्लिप, बिल, डिस्चार्ज कार्ड. हे तेराच झाले, आणि इंडेंट व लॅब रोजचे असतात. नाव जिथे जिथे पुन्हा लिहिले जाते तिथे वेळ जातो, आणि चूकही तिथेच होते.

दोन, फेऱ्या. मामा-मावशींच्या (वॉर्डबॉय आणि आयांच्या) खिशात एक कार्ड द्या. वॉर्ड ते फार्मसी, वॉर्ड ते लॅब, वॉर्ड ते बिलिंग, असे तीन रकाने आणि चौथा ‘फुकट फेरी’. गेले आणि ‘रिपोर्ट अजून झाला नाही’, ‘सही राहिली आहे’, ‘हे औषध संपले’ ऐकून हात हलवत परत आले, की चौथ्या रकान्यात एक रेघ. दोन दिवसांत चित्र स्पष्ट होते. पहिल्या तीन रकान्यांतल्या फेऱ्या काही अंशी राहणारच, पण चौथा रकाना जवळजवळ पूर्ण पुसता येतो.

तीन, डिस्चार्जची घड्याळे. डॉक्टर ‘सोडा’ म्हणाले ती वेळ, समरी (डिस्चार्जचा सारांश) तयार, औषध परतावा पूर्ण, बिल तयार, पैसे किंवा टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीची) मंजुरी, पेशंट बाहेर, खाट स्वच्छ. सलग २० डिस्चार्जच्या या सात वेळा लिहा. मग सरासरी काढू नका. विम्यात अडकलेला एक पेशंट सगळी सरासरी बिघडवतो. एकूण वेळा चढत्या क्रमाने लावा आणि दहाव्या-अकराव्याच्या मधला आकडा घ्या. तो भिंतीवर लावून ठेवा, पुढे लागेल.

पेशंटचा नंबर

सगळी इमारत या नंबरवर उभी राहते आणि ठरवताना त्यावर पाच मिनिटेही खर्च होत नाहीत. सॉफ्टवेअरवाला रुग्णालयाच्या नावाची आद्याक्षरे, वर्ष, महिना, विभाग असे सगळे घालून १६ अक्षरी नंबर देतो. दिसायला झकास. लेबलवर मात्र तो मावत नाही.

हिशेब असा आहे. लेबल प्रिंटर साधारणपणे २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) असतो, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. बारकोडची सगळ्यात बारीक रेघ निदान दोन ठिपक्यांची, म्हणजे ०.२५ मिमी हवी. ‘कोड १२८’ या पद्धतीत १० अंकी नंबर ९० रेघांच्या रुंदीत बसतो, म्हणजे २२.५ मिमी. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर कोरी जागा धरून २७.५ मिमी. ५० मिमीच्या लेबलवर तो ऐसपैस मावतो. अक्षरे आणि अंक मिसळलेला १६ अक्षरी नंबर मात्र ५३ मिमीच्या आसपास जातो, कोरी जागा वेगळीच. मग सॉफ्टवेअर रेघा आक्रसून एका ठिपक्याच्या करते, आणि लॅबमध्ये स्कॅनर चार-चार वेळा दाबूनही बीप देत नाही. दोष स्कॅनरवर जातो.

म्हणून नंबर फक्त अंकांचा, ८ किंवा १० अंकी ठेवा. सम संख्येत, कारण या पद्धतीत अंक जोडीजोडीने बसतात. सुरुवात शून्याने नको. एक्सेल पुढचे शून्य खाऊन टाकते. शेवटचा अंक पडताळणीचा असेल तर हाताने टाइप करताना झालेली चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

केवळ अंकांचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याकडचे आहे. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी एक कीबोर्डच. रिसेप्शनवर कुणी पत्ता मराठीत टाइप करून कीबोर्ड मराठीवरच ठेवला असेल, तर स्कॅन केलेली अक्षरे भलत्याच मात्रा-वेलांट्या होऊन उमटतात. काही लेआउटमध्ये अंकही देवनागरी होतात आणि ‘पेशंट सापडला नाही’ येते. कॅप्स लॉक चालू असेल तर छोटी-मोठी अक्षरे उलटतात. स्कॅनर बिघडल्याची तक्रार आली की आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते पाहा.

एका माणसाचे दोन नंबर होणे हा दुसरा रोग. आपली नावे इंग्रजीत लिहिताना ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, एक ‘ए’ की दोन, यावर एकमत नाही. बाईंचे माहेरचे नाव एका वेळी, सासरचे दुसऱ्या वेळी. म्हणून रिसेप्शनला शोधण्याचा क्रम ठरवून द्या: आधी मोबाइल नंबर, मग जन्मवर्ष, मग नाव. घरात एकच मोबाइल असतो, त्यामुळे यादीत चारजण दिसतील. त्यांतला बरोबर माणूस निवडणे हे नवा नंबर देण्यापेक्षा केव्हाही बरे.

ओपीडीत गर्दी असेल तर आयुष्मान भारत डिजिटल मिशनची ‘स्कॅन अँड शेअर’ सोय जरूर घ्या. रुग्णालयाची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत (आरोग्य संस्थांच्या सरकारी यादीत) असावी लागते. काउंटरवरचा क्यूआर पेशंट आपल्या फोनच्या ॲपने स्कॅन करतो, त्याचा १४ अंकी आभा (राष्ट्रीय आरोग्य ओळख) क्रमांक, नाव, वय, लिंग, पत्ता आपल्याकडे येतो आणि त्याला टोकन मिळते. टायपिंग वाचते, स्पेलिंगचा वाद संपतो. मात्र फोन नसलेली आजी रांगेत असणारच. तिच्यासाठी एक साधी खिडकी राहू द्या, आणि तिथला माणूस हसतमुख असू द्या.

मनगटपट्टी आणि लेबल

४० खाटांना पुरणारे सामान असे: पट्टीचा एक प्रिंटर, लेबलचे दोन (लॅब आणि वॉर्ड), स्कॅनर पाच (रिसेप्शन, फार्मसी, लॅब, वॉर्डात दोन). स्कॅनर ‘टू-डी इमेजर’ जातीचाच घ्या. जुना लाल रेषेचा लेसर स्कॅनर क्यूआर वाचत नाही.

पट्टीवर लांब बारकोड नको. मनगट गोल असते, कोडची दोन टोके एका वेळी स्कॅनरला दिसत नाहीत. तिथे छोटा क्यूआर, तोही दोन-तीन ठिकाणी छापलेला. क्यूआरमध्ये फक्त नंबर. नाव-आजार काही नाही. डोळ्यांनी वाचायला नाव, वय आणि नंबर मोठ्या अक्षरांत. ॲलर्जी असेल तर लाल पट्टी.

साधा थर्मल कागद सॅनिटायझर लागला की काळवंडतो किंवा पुसट होतो. दिवसातून वीस वेळा हात पुसणाऱ्या वॉर्डात अशी पट्टी दुसऱ्या दिवशी निकामी होते. वरून लेप दिलेली पट्टी मागा. विकत घेण्याआधी नमुना छापून त्यावर सॅनिटायझर ओता, दहा मिनिटांनी स्कॅन करून पाहा. विक्रेत्यासमोरच.

ट्यूबचे लेबल ५० × २५ मिमी. नेहमीची ट्यूब १३ × ७५ मिमीची, तिचा घेर सुमारे ४१ मिमी. लेबल उभे, ट्यूबच्या लांबीने लावले की २५ मिमी घेर झाकला जातो आणि १५-१६ मिमीची खिडकी उरते, त्यातून रक्ताची पातळी दिसते. कंपनीच्या लेबलवरच आपले लेबल चिकटवा. आडवे गुंडाळले तर खिडकीही जाते आणि बारकोडही वळतो.

वीज आणि तारा

कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण कपाटावर ठेवलेल्या नेटवर्क स्विचला नसतो. लाइट गेली की सगळे पडदे चालू आणि सगळे ‘कनेक्शन नाही’ दाखवत बसलेले. प्रत्येक स्विच, वायफायचा प्रत्येक डबा आणि राउटर यूपीएसवर घ्या. मग दुपारी मेन स्विच खाली ओढून खरेच चालते का ते बघा. आधी ओटी आणि आयसीयूला कळवून, अर्थातच.

काउंटर, फार्मसी, लॅब यांना तार. वायफाय फक्त टॅबसाठी. एक्स-रे रूमच्या शिशाच्या भिंतीपलीकडे सिग्नल जात नाही, तिथे वेगळा डबा लागतो. टॅब हातात घेऊन प्रत्येक खाटेजवळ, अगदी टोकाच्या स्पेशल रूमच्या बाथरूमच्या दारापर्यंत चालून पाहा. सॉफ्टवेअर इंटरनेटवरचे असेल तर दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या घ्या, आणि दोन्ही एकाच खांबावरून आलेल्या नाहीत हे केबलवाल्याला विचारून घ्या. रस्ता खणणारा जेसीबी कंपनी बघून केबल तोडत नाही.

सॉफ्टवेअर दाखवायला आले तेव्हा

सरकारी रुग्णालयांत एनआयसीचे ई-हॉस्पिटल आणि सी-डॅकचे ई-सुश्रुत वापरात आहे. खासगीत पर्याय ढीगभर. डेमो विक्रेत्याने द्यायचा नाही, आपल्या सिस्टरने करून पाहायचा. तिला पाच कामे द्या: नवा पेशंट भरती करणे, एक इंडेंट, दोन गोळ्यांचा परतावा, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हलवणे, आणि झालेला डिस्चार्ज रद्द करणे. क्लिक मोजा. पाचव्या कामाला बऱ्याच विक्रेत्यांचा चेहरा बदलतो, आणि वॉर्डात ते काम आठवड्यातून एकदा तरी पडतेच.

करारात लिहून घ्यायचे: सगळा डेटा केव्हाही साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येईल, कुणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहील, नोंद खोडता येणार नाही, फक्त दुरुस्ती जोडता येईल. आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे हे डॉक्टरांवर २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनी बंधनकारक आहे. विक्रेता गाशा गुंडाळून गेला तरी ती जबाबदारी आपलीच.

क्रम: फार्मसी, लॅब, डिस्चार्ज, मग नर्सिंग, शेवटी डॉक्टर

बहुतेक ठिकाणी उलटे करतात. मोठ्या डॉक्टरांना राउंडवर टाइप करायला लावतात, ते चिडतात, प्रकल्प बारगळतो. इंडेंट आणि लॅबमध्ये फायदा पहिल्याच आठवड्यात दिसतो. औषध स्टॉकमध्ये आहे का ते वॉर्डातच कळते, रिपोर्ट तयार झाल्याचे वॉर्डातच कळते, आणि मामांच्या कार्डावरचा चौथा रकाना रिकामा होऊ लागतो. स्टाफ एकदा सुखावला की पुढचे सोपे.

बंद होणाऱ्या वह्या: इंडेंट वही, लॅबचे येणे-जाणे रजिस्टर, ‘रिपोर्ट मिळाला’ची वही. सगळ्याच वह्या मात्र आपल्या मर्जीने बंद करायच्या नसतात. सोनोग्राफीचा पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान प्रतिबंध कायदा) खालचा ‘एफ’ फॉर्म, एमटीपीचे (गर्भपाताचे) ॲडमिशन रजिस्टर, एमएलसी (पोलिस केसचे) रजिस्टर, नार्कोटिक औषधांची वही, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांना कायद्याचे स्वतःचे नमुने आहेत. ते जसे सांगितले आहेत तसेच चालू ठेवा.

*रक्ताचा नमुना.* इथे एकच गोष्ट सांभाळा: लेबल खाटेजवळ लागले पाहिजे, रक्त घेतल्यावर लगेच, पेशंटसमोर. सकाळी सहाला नाईटची सिस्टर घाईत असते. ती स्टेशनवर बसून बारा लेबले छापते, बारा रिकाम्या ट्यूबना चिकटवते आणि ट्रे घेऊन निघते. दोन सविता पाटील एकाच वॉर्डात असल्या की अदलाबदल झालीच. बारकोड मग चुकीचे रक्त अगदी अचूकपणे नोंदवतो. छोटा, बॅटरीवर चालणारा लेबल प्रिंटर ट्रॉलीवर ठेवा. मनगटपट्टी स्कॅन केल्याशिवाय लेबल छापलेच जाणार नाही अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या. पेशंटला ‘तुम्ही सविता पाटील ना?’ असे विचारायचे नाही. झोपेतला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘नाव सांगा’ म्हणायचे.

*औषध देताना.* बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातला २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी दाखवला जातो. औषध देण्याआधी बारकोड तपासल्यावर, वेळेच्या चुका सोडून इतर चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. हे खरे, पण तिथे औषधाच्या एकेका मात्रेवर बारकोड होता. आपल्याकडे दहाच्या पट्टीतून तीन गोळ्या कापल्या की नाव एका तुकड्यावर, बॅच दुसऱ्यावर. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला आहे. फार्मसीत माल आत घेताना त्याने बॅच आणि एक्स्पायरी आपोआप चढते, हा मोठा फायदा. खाटेजवळ त्याचा उपयोग कमी, कारण जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर असतो.

म्हणून आपल्याला झेपणारी पद्धत अशी: फार्मसीतून प्रत्येक पेशंटच्या प्रत्येक शिफ्टची औषधे एका झिप पाउचमध्ये, पाउचवर आपले लेबल. सिस्टर आधी मनगटपट्टी स्कॅन करते, मग पाउच. जुळले तर हिरवे. इंजेक्शने, विशेषतः पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, हेपरिन, यांना प्रत्येकी वेगळे लेबल आणि दुसऱ्या सिस्टरची नोंद.

चोरवाटा लगेच निघतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांत २००८ साली अभ्यासकांना पेशंटच्या बारकोडच्या जादा प्रती दाराच्या चौकटीला, कमरेच्या कडीला लावलेल्या सापडल्या. खाटेपर्यंत न जाता स्कॅन ‘उरकता’ यावे म्हणून. आपल्याकडे त्या औषधाच्या ट्रॉलीच्या आतल्या बाजूला सापडतील. सापडल्या तर ओरडू नका, कारण विचारा. बहुधा पट्टी पुसट झालेली असते, स्कॅनरची तार खाटेपर्यंत पोचत नसते, किंवा पेशंटचा हात पांघरुणात असतो आणि रात्री त्याला उठवायची इच्छा नसते.

डिस्चार्ज

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि शिव्या खातो तो बिलिंगचा माणूस. खरी अडचण ही की सगळी कामे ‘सोडा’ म्हटल्यावर एकापाठोपाठ एक सुरू होतात. उपाय म्हणजे ती आदल्या संध्याकाळी सुरू करणे.

संध्याकाळच्या राउंडला आरएमओ संभाव्य पेशंटवर ‘उद्या डिस्चार्ज’ ही खूण करतो. खूण पडली की फार्मसीच्या पडद्यावर नाव येते आणि रात्रीच न लागणाऱ्या औषधांचा परतावा होतो. सकाळचे डोस तेवढे राहतात. समरीचा मसुदा भरती, तपासण्या आणि दिलेल्या औषधांवरून आपोआप बनतो, आरएमओ रात्री तो वाचून दुरुस्त करतो. बिलिंग तात्पुरते बिल काढते, नातेवाइकांना अंदाज सांगते. सकाळी मोठ्या डॉक्टरांची सही, दोन डोसांची भर, एवढेच उरते. पेशंटला ताप आला तर खूण काढायची. नुकसान शून्य.

विम्याच्या पेशंटसाठी हे आणखी महत्त्वाचे. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जची विनंती गेल्यावर अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढच्या उशिराने वाढलेला खर्च विमा कंपनीने सोसायचा. पण हे घड्याळ आपली विनंती गेल्यावरच सुरू होते. ती कधी गेली याची वेळ सॉफ्टवेअरमध्ये पक्की नोंदलेली असू द्या. अर्धवट बिल पाठवले की टीपीएची शंका येते. सर्वाधिक शंका येतात त्या तीन गोष्टींवर: तपासणीचा रिपोर्ट जोडलेला नाही, औषधाचे बिल आणि चार्ट जुळत नाही, समरीतले निदान आणि भरतीच्या वेळचे निदान वेगळे.

पेशंट बाहेर पडला की मावशींच्या फोनवर खाटेचा नंबर आला पाहिजे आणि त्यांनी ‘झाली’ दाबले की रिसेप्शनला खाट हिरवी दिसली पाहिजे. फोनवर ‘खाट झाली का हो?’ विचारणे इथे बंद होते.

पासवर्ड

सगळा वॉर्ड एकाच सिस्टरच्या नावाने चालतो. हा बेशिस्तपणा नाही. लॉगिनला पाऊण मिनिट लागते आणि ते शिफ्टमध्ये चाळीस वेळा करायचे तर अर्धा तास त्यातच जातो, म्हणून उघडे राहते. वॉर्डच्या टॅबवर लांब पासवर्ड नको. प्रत्येकीचा सहा अंकी पिन किंवा ओळखपत्राचे कार्ड टेकवणे, दोन-तीन मिनिटांनी आपोआप कुलूप, आणि पुन्हा उघडल्यावर त्याच पानावर परत. दुसऱ्याच्या नावाने पडलेली औषधाची नोंद उद्या चौकशीत त्याच्याच गळ्यात पडते, एवढे एकदा समजावून सांगितले की पुरते.

टॅब १० ते १२ खाटांना एक. ८ ते १० इंचांचा, जाड कव्हर, पुसता येईल असा. रात्री आठला हँडओव्हर होते तेव्हा चार्जिंगला लावायचे, हे हँडओव्हरच्या यादीतच लिहा.

घंटी आणि व्हॉट्सॲप

खाटेजवळच्या घंटीला एकच बटण असते आणि ती सिस्टरलाच बोलावते, मग पाणी हवे असो वा छातीत दुखत असो. तीन बटणांची घंटी घ्या: मदत, सलाईन, तातडी. ‘मदत’ मामा-मावशींच्या मनगटावरच्या पेजरवर जाते, बाकी दोन सिस्टरकडे. दहा मिनिटांत कुणी ‘मदत’ बंद केली नाही तर इनचार्जला. याहून जास्त आवाज लावू नका. सतत बीप ऐकणारा कान पाचव्या दिवशी ऐकणे सोडून देतो.

व्हॉट्सॲप बंद होणार नाही, तेव्हा नियम लावा. ग्रुपवर नाव आणि आजार एकत्र नको, खाटेचा नंबर पुरे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने पेशंटची माहिती हाताळणारे रुग्णालय जबाबदार ठरते. डॉक्टरने ग्रुपवर लिहिलेली ऑर्डर केस पेपरवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये येईपर्यंत ऑर्डर नाही. लॅबचा धोक्याचा आकडा, उदाहरणार्थ पोटॅशियम ६.८, ग्रुपवर टाकून भागत नाही. फोन करायचा, ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा, आणि वेळ नोंदवायची.

चालू करण्याचा दिवस

सोमवार नको, ओपीडी तुंबलेली असते. शनिवार नको, रविवारी विक्रेत्याचा माणूस फोन उचलत नाही. मंगळवार, सकाळी दहानंतर, एकाच वॉर्डात. प्रशिक्षण दोन तासांच्या सभेत होत नाही. २५ मिनिटांचे दोन तुकडे, शिफ्ट सुरू होण्याआधी, खऱ्या टॅबवर. प्रत्येक शिफ्टमध्ये एक जाणती सिस्टर हवी, नाईटलाही. तिला त्या आठवड्यात दोन खाटा कमी द्या, नाहीतर ‘विचारायला जा’ म्हणजे तिच्यावर शिक्षा होते.

कागद आणि स्क्रीन एकत्र चालवायची मुदत सात दिवस. आठव्या दिवशी इनचार्जने जुनी वही सही करून, तारीख टाकून एमआरडीत (रुग्णांच्या नोंदी जपणाऱ्या विभागात) जमा करायची. मुदत वाढवून मागतील. तेव्हा नेमके काय अडते ते विचारा, ते दुरुस्त करा, पण वही परत देऊ नका.

घाई मात्र एका जागी जिवावर बेतते. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात सगळीकडे सहा दिवसांत कॉम्प्युटरवर औषधांची ऑर्डर टाकण्याची नवी पद्धत लावली. दुसऱ्या रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८ वरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. एक कारण असे दिसले की मूल दारात येऊन नोंद झाल्याशिवाय औषधाची ऑर्डरच टाकता येत नव्हती. सिॲटलच्या मुलांच्या रुग्णालयाने तेच सॉफ्टवेअर लावले आणि तिथे मृत्यू वाढले नाहीत. म्हणून कॅज्युअल्टीत २० पाकिटे तयार ठेवा: प्रत्येकात आधीच दिलेला एक नंबर, एक मनगटपट्टी, त्याच नंबरची सहा लेबले. बेशुद्ध माणूस आला की पाकीट फोडा, पट्टी बांधा, काम सुरू. नाव-गाव मागाहून.

बंद पडले तर

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पडले आणि कित्येक दिवस एवढे मोठे रुग्णालय हाताने लिहून चालले. आपले पडायला एवढेही लागत नाही.

प्रत्येक वॉर्डात एक लाल डबा: छापील टीपीआर, औषधांचा चार्ट, लॅब फॉर्म, इंडेंट, प्रत्येकी २५; पेनांचे पाकीट; डॉक्टर-लॅब-फार्मसीचे फोन नंबर कागदावर. शिवाय दर चार तासांनी वॉर्डातल्या एका कॉम्प्युटरवर आपोआप पेशंटची यादी उतरली पाहिजे: खाट, नाव, ॲलर्जी, चालू औषधे, शेवटचा डोस किती वाजता. लाइट आणि नेट दोन्ही गेले तरी ही यादी यूपीएसवर छापता येते. १५ मिनिटांत सुरू झाले नाही तर लाल डबा उघडायचा. हा निर्णय ड्यूटीवरच्या इनचार्जचा, तिने कुणाला विचारायचे नाही.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या जागी, त्यांतली एक नेटवर्कपासून तोडलेली. आणि महिन्यातून एकदा त्यातला एका दिवसाचा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायचा. बॅकअप ‘यशस्वी’ असा संदेश येतो आणि फाइल रिकामी निघते, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

पुन्हा सुरू झाल्यावर कागदावरचे सगळे परत टाइप करायला लावू नका. दिलेली औषधे, लॅबचे नमुने, भरती-डिस्चार्ज आणि बिलाच्या बाबी एवढेच चढवा, प्रत्येक नोंदीला प्रत्यक्ष वेळ द्या, टाइप केल्याची नव्हे. टीपीआरचे कागद स्कॅन करून फाइलला जोडले की झाले. लाल डब्यातले कमी झालेले फॉर्म त्याच शिफ्टमध्ये भरून ठेवा.